घडवणारा हात आणि घोटणारा हात

(तृतीय वर्ष, मृत्कला विभाग)

गेल्या वर्षीच्या वार्षिक प्रदर्शनात माझी एक उंच मानेची बाटली मांडली होती. करडे अंग आणि त्यावर तपकिरी उभ्या रेघा. बाहेरून आलेले एक पाहुणे तिच्यापाशी थांबले. त्यांनी ती हातात घेतली, वजन पाहिले, उलटी करून तळ पाहिला आणि म्हणाले, "आकार छान साधलाय. ही वरची नक्षी नसती तर भांडं अधिक चांगलं झालं असतं. घडवणं महत्त्वाचं. नक्षी काय, ती नंतर कुणीही काढतं."

आजूबाजूचे सारे हसले. मीही हसले. पण त्या रात्री वसतिगृहावर मला झोप लागली नाही. पाहुण्यांचा राग आला म्हणून नव्हे. ते जाणते होते आणि त्यांनी माझ्या आकाराचे कौतुकच केले होते. मला टोचत राहिला तो 'कुणीही' हा शब्द. हा 'कुणीही' कोण, ते मला चांगले ठाऊक होते. ती माझी आजी होती.

मी कुंभाराच्या घरातली मुलगी. कृष्णेकाठच्या आमच्या गावात अण्णा अजून चाक फिरवतात, आवा लावतात. आमच्यात बाईने चाकाला हात लावायचा नाही अशी रीत आहे. माती चाळणे, तुडवणे, तीत राख आणि लीद मिसळणे हे बायकांचे काम. चाकावर बसणे पुरुषाचे. मडके चाकावरून उतरले की ते पुन्हा बायकांकडे येते. आजी ते उन्हा-सावलीत फिरवते, त्याला कावेचा हात देते, गुळगुळीत गोट्याने घोटते, गळ्याशी बोटाने नाहीतर काडीने दोन रेघा ओढते. बाजारात मात्र ते मडके अण्णांचे म्हणून विकले जाते. मी चाकावर पहिल्यांदा बसले ती या महाविद्यालयात आल्यावर, वयाच्या अठराव्या वर्षी.

म्हणजे पाहुण्यांचे वाक्य माझ्यासाठी काही नवे नव्हते. घडवणारा हात मोठा आणि घोटणारा हात किरकोळ, हेच गावात रीत म्हणून ऐकले होते. इथे तेच कलासमीक्षा म्हणून ऐकले, एवढाच फरक. प्रश्न असा की हे खरे आहे काय? भांड्याचा आकार हेच भांडे, आणि त्याचा पृष्ठभाग म्हणजे वरून चढवलेला कपडा, असे खरोखर असते काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला आमच्या ग्रंथालयात एक बाई भेटल्या. त्यांचे नाव लूसी री. आपल्यापैकी मृत्कलेच्या विद्यार्थ्यांना हे नाव ऐकून माहीत असेल. इतर मित्रमैत्रिणींसाठी थोडक्यात सांगते.

लूसी री यांचा जन्म १९०२ साली व्हिएन्नात, एका ज्यू डॉक्टरांच्या घरी झाला. १९२२ पासून त्या तेथील उपयोजित कलांच्या शाळेत मायकेल पोवोल्नी यांच्या हाताखाली मातीकाम शिकल्या. व्हिएन्ना हे त्या काळी मोठे वादाचे शहर होते. एकीकडे योझेफ हॉफमन आणि त्यांचे सहकारी खुर्चीपासून चमच्यापर्यंत प्रत्येक वस्तू देखणी करावी म्हणत होते. दुसरीकडे वास्तुशिल्पी आडोल्फ लोस यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच अलंकरणाला गुन्ह्याच्या शेजारी बसवले होते. आमचे पाहुणे जे बोलले त्याचे मूळ कुळ शोधायचे झाले तर ते असे तिथपर्यंत जाते. अशा शहरात राहून या तरुण बाईंनी दोन्ही बाजूंना न दुखावता आपली छोटी, पातळ, साधी भांडी केली आणि १९३७ च्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनात रौप्यपदक मिळवले.

पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, नाझींनी ऑस्ट्रिया गिळला. लूसी री यांना देश सोडावा लागला. त्या लंडनला आल्या आणि हाइड पार्कजवळच्या आल्बियन म्यूज या गल्लीत, पूर्वी घोड्यांचा तबेला असलेल्या एका लहानशा घरात राहू लागल्या. खाली कार्यशाळा, वर घर. १९९५ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी हा पत्ता बदलला नाही.

आता इथे गंमत पाहा. व्हिएन्नात पदके मिळवलेल्या या बाईंना लंडनमध्ये कुणी ओळखत नव्हते. ब्रिटनमधल्या कुंभारकामावर तेव्हा बर्नार्ड लीच यांची छाप होती. लीच जपानात शिकून आलेले, १९२० साली हामादा शोजी यांच्यासह सेंट आयव्हस येथे भट्टी उभारणारे, मोठ्या अधिकाराचे गृहस्थ. त्यांच्या मते भांडे कसे असावे? भक्कम, वजनदार, मातीशी इमान राखणारे, जळणाच्या भट्टीतून निघालेले. लूसी री यांची पातळ कडांची, बारीक तळाची भांडी त्यांना रुचली नाहीत आणि त्यांनी तसे सांगितले. बाईंनी ते मनावर घेतले. काही काळ त्या जाड, लीचवळणाची भांडी करण्याचा प्रयत्न करीत राहिल्या. ती त्यांना जमली नाहीत. स्वतःच्या हाताविरुद्ध काम केले की काय होते ते आपण वर्गात रोज पाहतोच.

युद्धकाळात पोटासाठी त्यांनी बटणे केली. होय, कोटाची आणि झग्यांची बटणे! युद्धात बटणांची टंचाई होती आणि शिंप्यांच्या दुकानांना कापडाच्या रंगाशी नेमकी जुळणारी बटणे हवी असत. आलेल्या कापडाच्या तुकड्याशी झिलईचा रंग जुळवायचा, पुन्हा पुन्हा भाजायचा, फसला की मिश्रण बदलायचे. 'शुद्ध कला' म्हणणारा माणूस या कामाला नाक मुरडेल. पण पुढच्या चाळीस वर्षांत या बाईंनी जे रंग भट्टीतून काढले त्यांची तालीम या बटणांवरच झाली असे मला वाटते. ही बटणे पुढे विसरलीही गेली नाहीत: जपानी वेषकार इस्सेई मियाके यांनी १९८९ साली ती आपल्या कपड्यांवर लावली आणि त्याच वर्षी बाईंच्या भांड्यांचे जपानात मोठे प्रदर्शन भरवले.

१९४६ साली हान्स कोपर नावाचा एक निर्वासित जर्मन तरुण बटणांच्या कामात मदतनीस म्हणून त्यांच्याकडे आला. त्याला मातीची काही माहिती नव्हती. त्याला शिल्पकार व्हायचे होते. पण लीच यांचे ऐकून बाई स्वतःला मोडत आहेत हे त्याला दिसले, आणि तुम्ही तुमचीच भांडी करा, असा आग्रह त्याने धरला. पुढे तोही मोठा मृत्कलाकार झाला. मला या प्रसंगाचे फार महत्त्व वाटते. अधिकारी माणसाचे मत चुकीचे असू शकते, आणि ते एखाद्या नवख्या मदतनिसाला आधी कळू शकते. याचा अर्थ लीच लहान ठरले असा नाही. त्यांची आणि बाईंची मैत्री शेवटपर्यंत टिकली.

आता मूळ मुद्द्याकडे येते. लूसी री यांच्या भांड्यांच्या पृष्ठभागाविषयी वाचताना माझ्या ध्यानात आले की त्यांच्यापाशी 'नंतर' असे काही नव्हतेच.

आपण विद्यार्थी काय करतो? भांडे घडवतो, वाळवतो, एकदा भाजतो, मग त्यावर रंग आणि झिलई देऊन पुन्हा भाजतो. दोन भाजण्यांच्या मधे अलंकरणासाठी एक निवांत दिवस मिळतो. त्या दिवशी आपण वहीतली नक्षी भांड्यावर उतरवतो. लूसी री यांनी आपली भांडी बहुधा एकदाच भाजली. कच्च्या, न भाजलेल्या भांड्यावर त्या ब्रशने झिलई लावत आणि मग विजेच्या भट्टीत एकाच भाजणीत सुमारे १२५० अंश सेल्सिअसपर्यंत नेत. याला फार जपावे लागते. कच्ची माती झिलईतले पाणी पिते आणि मऊ पडते. भांडे हातात बसू शकते. शिवाय माती वाळताना आणि भाजताना आकसते, तर झिलईनेही तिच्याबरोबरच आकसले पाहिजे, नाहीतर ती पापुद्र्यांनी सुटते. म्हणून तीत मातीचे प्रमाण जपावे लागते. अशा वेळी आकार आणि पृष्ठभाग वेगळे कसे काढणार? दोघांना एकाच आगीतून, एकाच वेळी पार व्हायचे असते.

त्यांची कोरीव रेघांची भांडी घ्या. १९४८ च्या सुमारास कोपरबरोबर त्या ॲव्हबरी येथील संग्रहालयात गेल्या होत्या. तिथे कांस्ययुगातली ओरखड्यांची नक्षी असलेली भांडी होती आणि त्यांच्याबरोबर पक्ष्यांची हाडे मांडलेली होती. त्या हाडांनीच ती नक्षी ओरखडली असावी. परत आल्यावर बाईंनी भांड्यावर मँगनीजचा गडद थर देऊन तो सुईने ओरखडायला सुरुवात केली. थर निघतो तिथे खालची फिकट माती रेघ होऊन दिसते. याला इटालियन शब्द आहे 'स्ग्राफितो'. उलट रीतही त्यांनी वापरली: कच्च्या मातीत आधी बारीक रेघा कोरायच्या, त्यांत गडद रंग भरायचा आणि वरचा पुसून घ्यायचा, म्हणजे पांढऱ्या अंगावर काळी रेघ उरते. या रेघा पट्टीने आखलेल्या नसतात. त्या भांड्याच्या कुशीवरून जाताना किंचित थरथरतात, कड जवळ आली की दाट होतात. त्या काढून टाका, तर वाडगा तेवढाच राहील पण त्याची फुगवट दिसणार नाही. रेघेमुळे आकार कळतो.

किंवा त्यांच्या उंच बाटल्या घ्या. दोन मातीगोळे, एक साधा आणि एकात धातूंची भस्मे मिसळलेली, एकत्र करून त्या चाकावर चढवत. चाक फिरेल तसे दोन्ही रंग वळसे घेत मानेपर्यंत चढत जातात. हे अलंकरण कुणी काढले? ज्या हाताने आकार दिला त्याच हाताने, त्याच क्षणी. इथे तर 'नक्षी नसती तर' असे म्हणायलाही जागा उरत नाही.

तिसरे उदाहरण खडबडीत झिलईचे. झिलईत किंवा तिच्याखालच्या थरात सिलिकॉन कार्बाइड घातले की भट्टीत वायू सुटतो, झिलईला बुडबुडे येतात आणि फुटून खळगे राहतात. आपल्या प्रात्यक्षिकात असे खळगे पडले तर आपण त्याला दोष म्हणतो आणि भांडे मागच्या फळीवर लपवतो. बाईंनी तो दोष ताब्यात घेतला. त्यांच्या काही वाडग्यांचे अंग ज्वालामुखीच्या दगडासारखे दिसते. तसेच मँगनीज आणि तांबे यांच्या मिश्रणाची ती सोनेरी-तपकिरी कड, ओघळून थोडी खाली उतरलेली. ओघळ किती उतरेल हे भट्टी ठरवते; पण किती उतरू द्यायचा याचा अंदाज हाताला चाळीस वर्षांनी येतो.

आणखी एक गोष्ट आमच्या विभागातल्या मित्रांना दिलासा देणारी. आपल्याकडे विजेची भट्टी आहे, जळणाची नाही, म्हणून 'खरे' रंग मिळत नाहीत असे आपण कुरकुरतो. बाईंचे हे सारे रंग घरातल्या विजेच्या भट्टीतून आले. १९८२ साली डेव्हिड ॲटनबरो बी.बी.सी.साठी त्यांच्या कार्यशाळेत गेले होते. तेव्हा बाई ऐंशी वर्षांच्या होत्या आणि काम चालूच होते. १९९० साली अर्धांगाच्या झटक्याने ते थांबले. १९९१ साली ब्रिटिश सरकारने त्यांना 'डेम' हा किताब दिला. त्यांची कार्यशाळा आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात पुन्हा मांडून ठेवली आहे.

असो. हे सारे वाचून मी मोठ्या आवेशाने पाहुण्यांना मनातल्या मनात उत्तर दिले. पण आवेश ओसरल्यावर मी ती बाटली पुन्हा कपाटातून काढली, आणि इथे मला एक कबुली द्यायला हवी. पाहुणे निम्मे बरोबर होते. माझ्या त्या रेघा खरोखरच 'नंतर' काढलेल्या होत्या. बाटली भाजून आल्यावर, वहीतला नमुना समोर ठेवून, मी त्या ब्रशने ओढल्या होत्या. बाटलीच्या खांद्याशी त्या अडखळत होत्या, कारण वहीच्या कागदाला खांदा नव्हता. त्यांची चूक निष्कर्षात होती. नक्षी उपरी असेल तर दोष त्या नक्षीचा. त्यावरून पृष्ठभागाचे कामच उपरे ठरत नाही. आकार वाईट निघाला म्हणून चाक किरकोळ आहे असे आपण कधी म्हणतो का?

मग मी कच्च्या भांड्यावर झिलई लावण्याचा प्रयोग केला. पहिले तीन वाडगे हातातच बसले. चौथ्याची झिलई भट्टीत पापुद्र्यांनी सुटली. सुट्टीत घरी गेले तेव्हा हे रडगाणे आजीपुढे गायले. ती रांजणाला काव देत होती. हात न थांबवता म्हणाली, "पोरी, ओल बघावी लागती. लई ओलं असलं तर मडकं बसतं, लई सुकलं तर काव धरत न्हाई. मधला येळ असतो. त्यो हाताला कळतो."

मी विचारले, "किती वेळानं येतो तो?"

"ते उनावर हाय. वाऱ्यावर हाय. गालाला लावून बघ."

आणि तिने एक मडके उचलून माझ्या गालाला लावले. ते गार होते. दुसरे लावले, ते किंचित कमी गार होते. "ह्ये," ती म्हणाली.

मित्रहो, साठ वर्षे ही बाई एकाच भाजणीची भांडी करीत आहे. तिच्या आव्याची आच ७०० ते ९०० अंशांची असेल, लंडनच्या भट्टीइतकी नाही. तिच्यापाशी झिलई नाही, काव आहे. दोघींची तुलना करून मला आजीला लूसी री करायचे नाही. तसे करणे म्हणजे पुन्हा परदेशी शिक्का आणून घरच्या वस्तूला भाव देणे झाले. मला एवढेच म्हणायचे आहे की कच्च्या मातीची ओल ओळखणे हे ज्ञान आहे. त्या ज्ञानाशिवाय मडके आव्यातून धड बाहेर येत नाही. ते 'कुणीही' करीत नाही.

घडवणे वरचे आणि सजवणे खालचे, ही उतरंड रचताना कोणती कामे कुणाच्या वाट्याला आली होती हेही पाहिले पाहिजे. आमच्या गावातली वाटणी मी सांगितलीच. जर्मनीत १९१९ साली निघालेल्या बाउहाउससारख्या पुरोगामी शाळेतही मुलींना बहुतेक करून विणकामाच्या वर्गाकडे वळवले जाई. जे काम बायकांना दिले गेले ते किरकोळ ठरले, की किरकोळ ठरवलेले काम बायकांना दिले गेले, हे कोडे मी इथे सोडवू शकत नाही. पण दोन्हींचा निकाल एकच लागतो.

म्हणून या वार्षिकाच्या निमित्ताने मी आपल्या प्राध्यापकांपुढे आणि सहाध्यायांपुढे तीन सूचना ठेवते. पहिली: आपल्या मूल्यमापनात आकार आणि अलंकरण यांना वेगवेगळे गुण दिले जातात, ती पद्धत निदान एका अभ्यासापुरती तरी मोडून पाहावी; एक भांडे, एक भाजणी, एकच गुण. दुसरी: आपण दरवर्षी कुंभारांना प्रात्यक्षिकासाठी बोलावतो. त्यात चाकावरचा पुरुष तेवढा येतो. त्याच्या घरातल्या घोटणाऱ्या बाईलाही बोलवावे, आणि तिला तेवढेच मानधन द्यावे. तिसरी: आपल्या प्रदर्शनात गावाकडची भांडी मांडतो तेव्हा खाली 'पारंपरिक कुंभारकाम' एवढेच लिहितो. तिथे करणाऱ्यांची नावे लिहावीत, नावे, अनेकवचनी.

कुणी म्हणेल, एवढ्याने काय होणार? खरे आहे, एवढ्याने आजीच्या मडक्याचा भाव वाढणार नाही. पण आपण उद्याचे शिक्षक, परीक्षक आणि पाहुणे आहोत. उद्या आपणच कुणाच्या तरी बाटलीपुढे उभे राहून बोलणार आहोत.

यंदाच्या प्रदर्शनासाठी मी एक वाडगा ठेवते आहे, कच्च्यावर झिलई दिलेला, एका भाजणीचा. कडेशी एक पापुद्रा सुटला आहे, तो तसाच आहे. त्याच्या शेजारी आजीने काव देऊन घोटलेला आणि अण्णांनी चाकावर चढवलेला एक घट असेल. कार्डावर लिहिण्यासाठी मी आजीला तिचे पूर्ण नाव विचारले, तेव्हा ती म्हणाली, "माझं कशाला? अण्णाचं लिव्ह की."

मी दोन्ही लिहिली आहेत. पाहायला अवश्य यावे.